नंबर तेवढा पुसायचा राहिला

मी फोन बोलतोय. आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकायचं. इतकी वर्षं तुमचंच बोलणं वाहून नेलं, माझं म्हणणं कुणी विचारलं नाही. खिशात मिरवणारा चपटा फोन नव्हे मी. वेटोळ्या वायरचा, टेबलावर ठाण मांडून बसणारा. माझी घंटा अशी, की एकदा वाजली तेव्हा समोरच्या गच्चीवरची कबुतरं जी उडाली ती अजून परतलेली नाहीत. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा.

जन्माचं फारसं आठवत नाही. कारखान्यात एका बाईनं मला कानाशी धरून दोनदा ‘हॅलो’ म्हटलं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंबलं. खोकं उघडलं ते सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत. खालून रबराच्या सोल्युशनचा वास, वर दोन टेबलं, एक खिडकी, ताई आणि ताईची आत्या.

ताईचा धंदा सांगतो, म्हणजे माझा राग कळेल. दुकानदार-कारखानदारांचे हिशेब ठेवणारं एक सॉफ्टवेअर आहे. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. गावोगावच्या, देशोदेशीच्या माणसांनी मिळून लिहिलेलं, आतलं सगळं उघडं. कुणीही घ्यावं, हवं तसं बदलावं. अट इतकीच, की लिहिणाऱ्याचं नाव पुसायचं नाही आणि आपला बदलही पुढच्याला उघडा द्यायचा. ताई ते लोकांना बसवून देते, शिकवते, अडलं की सोडवते. सॉफ्टवेअर फुकट, मोल तिच्या मेहनतीचं.

एवढी साधी गोष्ट, पण माणसांच्या डोक्यात शिरेल तर शपथ. “फुकटचं आहे ना, मग तुम्ही कशाचे घेता?” हे ऐकून ऐकून माझ्या कानाची भोकं रुंदावली. पहिला फोन आत्या उचलायची. ती म्हणायची, “हवापण फुकटच आहे हो. खाली सायकलवाला चाकात भरून देतो, त्याच्याशी भांडता का?”

एकदा एक जण हिशेब गडप झाला म्हणून इतका ओरडला, की माझ्या तापलेल्या रिसीव्हरवर आत्यानं पापड भाजला असता. ताईनं विचारलं, “स्क्रीनचं बटण दाबलंत का?” पलीकडून खट्‌ करून फोन बंद. माफी नाही, आभार नाहीत. अशी ही तुमची जात.

ताईची एक पद्धत होती. एखादी चूक दुरुस्त केली, की त्याच संध्याकाळी ती दुरुस्ती सगळ्यांच्या सामाईक साठ्यात टाकायची. आणि आपल्या गिऱ्हाइकांना बसवून दिलेल्या प्रतीत, खोल कुठेतरी, हिशेब चुकला की पडद्यावर उमटेल अशी एक सूचना लिहून ठेवायची: ‘हिशेब जुळत नाही. घाबरू नका, या नंबरवर फोन करा.’ नंबर अर्थातच माझा.

आमचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक म्हणजे पंपवाला. पंपांचा कारखाना, आवाजही पंपासारखाच. आमचा जिना त्यानं कधी चढला नाही. “पाठवून द्या ताईला,” एवढंच. त्याच्याकडे परत आलेला माल हिशेबात दोनदा धरला जायचा. ताईनं ते दुरुस्त केलं, तर हा म्हणतो, “हे आमच्यापुरतं ठेवा. शेजारचा कारखानाही हेच वापरतो. त्याला आयतं कशाला?”

“साहेब, तुम्ही वापरता त्यातलं निम्मं अशा शेजाऱ्यांनीच नीट केलेलं आहे.”

“ते मला सांगू नका. कुलपात ठेवणार की नाही?”

“नाही.”

“मग संपलं आपलं.”

तो गेला याच धंद्यातल्या टायवाल्याकडे. हा टायवाला म्हणजे गळ्याला टाय आणि हाताला खोड. त्यानं पंपवाल्याच्या कॉम्प्युटरवरची ताईची प्रत जशीच्या तशी उचलली, तिचं नाव पुसलं, आपलं चिकटवलं, आणि ‘कुलूपबंद, खास तुमच्यासाठी’ म्हणून गावभर विकली. एकेक करून आमची गिऱ्हाइकंही त्यानं पळवली. खोली गप्प झाली. मी इतका गप्प, की एका कोळ्यानं माझ्या आकड्यांवर घर बांधून सहकुटुंब वास्तव्य केलं.

ताईनं ठरवलं, वर्षअखेरीला धंदा बंद, नोकरी धरायची. माझी लाइन तोडण्याचा अर्ज लिहून तिनं माझ्याच बुडाखाली ठेवला. फाशीचा हुकूम कैद्याच्या उशाखाली ठेवतात तसा.

आणि एका दुपारी मी वाजलो. मग वाजतच राहिलो. “तुमचं सॉफ्टवेअर झोपलं.” “तुमच्या त्या साहेबांना बोलवा.” सगळे अनोळखी. आत्यानं चार जणांना खोदून विचारलं तेव्हा उलगडलं. नवी आवृत्ती आली, टायवाल्यानं ती वरून चिकटवली, खालची ताईची दुरुस्ती चिरडली गेली. आणि त्या दिवट्यानं नाव पुसलं, पण आतली सूचना वाचलीच नव्हती. माझा नंबर तिथेच. चोरी करावी, पण इतकी आळशी?

“उचलू नकोस, बाळे,” आत्या म्हणाली. “बोंबलू देत.”

“त्यांनी काय चोरलंय, आत्या? त्यांना तर पत्ताच नाही.”

ताई प्रत्येकाला खरं काय ते सांगत होती, वर अडचणही सोडवत होती. मला तिचा असा संताप आला, की जमलं असतं तर वायरीनं स्वतःलाच बांधून घेतलं असतं.

तेवढ्यात पंपाचा आवाज आला. ताईचा नंबर त्यानं केव्हाच पुसला होता.

“हेल्पलाइन ना? तुमचे साहेब फोन उचलत नाहीत. हिशेब जुळत नाहीये.”

“परत आलेला माल दोनदा धरला जातोय का, साहेब?”

पंपाचा आवाज एकदम उतरला, “ताई? हा नंबर…”

“माझाच. पुसायचा राहिला त्यांच्याकडून. दुरुस्ती सामाईक साठ्यात आहे. नव्या आवृत्तीला चालेल अशी तुमच्या शेजारच्या कारखान्यानंच करून ठेवलीय.”

“त्यानं?” पंप अडखळला. “बरं, या तुम्ही. पण या वेळी तरी आमच्यापुरतं ठेवा.”

ऐकलंत? ताईनं मला आजवर कधी आपटलं नव्हतं. त्या दिवशी आपटलं. टवका उडाला माझा, पण जन्माचं सार्थक झालं.

मी लगेच पुन्हा वाजलो. टायवाल्याचंच कुणी गिऱ्हाईक, पण हा विचारत होता, “तुम्हीच येऊन बसवून द्याल का? काय असेल ते देईन.” ताई कागद शोधू लागली. माझ्या बुडाखालचा अर्ज ओढला, उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर त्याचा पत्ता लिहून घेतला.

अजून आहे मी. सातचं बटण अडकतं, टवका तसाच आहे, राग तर मुळीच उतरलेला नाही. तेव्हा बजावतो: फोन करा, पण आधी बटण दाबून बघा. ओरडायचं असेल तर उशीत ओरडा. आणि ‘फुकटचं’ हा शब्द काढलात, तर ती कबुतरं आठवा.

थांबा, वाजतोय मी. पंपवालाच. आत्यानं उचललाय.

“ताईला पाठवा? नाही हो,” ती म्हणतेय. “हवा भरायची असेल तर चाक घेऊन दुकानात यावं लागतं. जिना डाव्या हाताला आहे.”