पाळणाघराच्या दारातलं बाकडं

मी एक जुनं, बुटकं बाकडं आहे. मित्रांनो, माझी उंची जेमतेम तुमच्या गुडघ्याएवढी. एका सुताराने उरलेल्या फळ्या जोडून मला घडवलं, ते त्याच्या बायकोच्या पाळणाघरासाठी. तिला सगळे मावशी म्हणत. दोन खोल्या, स्वच्छ सतरंजी, खिडकीत वाळणारी दुपटी आणि दाराशी मी. माझ्यावर बसून मुलं बूट काढत.

पाळणाघर बघायला आलेले आईबापही माझ्यावरच टेकत. मावशी रंगाने काळी, तिचं बोलणं वस्तीतलं. लोक आधी खोली बघत, मग तिच्याकडे बघत आणि "कळवतो" म्हणून निघून जात. कोपऱ्यावर काचेच्या दाराचं बालकेंद्र होतं. तिथल्या बाई गोऱ्या, इस्त्रीच्या गणवेशातल्या. वस्तीतली माणसंही पोटाला चिमटा काढून मुलांना तिथेच घालत. एका हमालाने तर सरळ सांगितलं, "ताई, राग मानू नका. आमच्यासारख्यांत राहून पोर आमच्यासारखंच होईल." त्या दिवशी मावशीने मला दोनदा पुसलं.

एके दिवशी बँकेतल्या एक बाई अडीच वर्षांच्या लेकीला घेऊन आल्या. लेक अजून एखाददुसरा शब्दच बोले. बालकेंद्रात ती दिवसभर रडायची, म्हणून नाइलाजाने त्या इथे आल्या होत्या. हात धुता ना, असं त्यांनी मावशीला तीनदा विचारलं. मग अवघडून म्हणाल्या, "तिच्याशी जरा शुद्ध बोलाल का? पाण्याला 'पानी' म्हणायला लागली, तर घरी पंचाईत होईल."

"माझी जीभ आता वळायची नाही, बाई," मावशी म्हणाली. "पण पोरीला मी एकटं पडू देणार नाही."

पहिला आठवडा ती मुलगी बूट घालून माझ्यावरच बसून राहिली. मावशीने तिला ओढून आत नेलं नाही. ती माझ्याजवळ जमिनीवर बसून शेंगा सोलायची आणि एकेका दाण्याची गोष्ट सांगायची. आठव्या दिवशी मुलीने आपणहून बूट काढले. मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं!

महिन्याभराने एका संध्याकाळी बाई कामावरून थकून आल्या आणि माझ्यावर बसल्या. मुलगी आतून पेला घेऊन आली. अर्धं पाणी वाटेतच सांडलं होतं.

"आई, तू दमली. पानी पी."

तिचं ते पहिलं पूर्ण वाक्य. मावशी ओशाळून काही सांगू लागली, पण बाईंनी तिचा हात धरला. "मावशी, या वाक्याची मी किती वाट पाहिली! तुमच्याबद्दल मी भलतंच मनात धरलं होतं. माझं चुकलं."

पुढे त्यांनीच बँकेतल्या तिघांची मुलं मावशीकडे आणली. काही लोक अजूनही "कळवतो" म्हणून जातात. पण रोज सकाळी माझ्याखाली बुटांची दाटी असते. माझा एक पाय मोडला तरी मावशीने मला जपलं, मुलांनी माझ्यावर विश्वासाने भार टाकला. मी सगळ्यांचं ऋणी आहे.

मित्रांनो, लहानपणी तुम्हालाही कुणीतरी भरवलं असेल, निजवलं असेल. त्यांना एकदा भेटून या. आणि भेटलात की आधी त्यांना बसायला सांगा. त्या फार वेळ उभ्या असतात.