वळणावरची दावी

बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर आले, त्याच आठवड्यात म्हशी वळणावर अडत असल्याचं कळलं.

आमचा कत्तलखाना शिरूर आणि दौंडच्या मधल्या माळावर. इथं फक्त म्हशी आणि रेडे येतात, आणि मी इथली जनावरांची डॉक्टर. आजारी जनावर पुढं जात नाही ना, कुणाला मारझोड होत नाही ना, हे बघायचं माझं काम. ट्रकमधून उतरलेलं जनावर मधे एक वळण असलेल्या अरुंद बोळातून जातं. टोकाला ऑस्टिन असतो. तो नेमक्या जागी डोक्याला गोळीऐवजी दट्ट्या मारणारं पिस्तूल टेकवतो. एका ठोक्यात जनावर बेशुद्ध होतं, सुरी त्यानंतर. पण त्यासाठी ते शांत हवं. बिथरून डोकं हललं की ठोका चुकतो, दुसरा द्यावा लागतो. त्या दोन ठोक्यांच्या मधे त्याला सगळं कळत असतं.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी भांडून मी बोळातली करंटची काठी बंद करवली होती.

"शनिवारपर्यंत बघतो, मॅडम," मॅनेजर पोपटराव म्हणाले. "सोमवारपासून काठी परत. एकेका म्हशीपुढं हात जोडून उभं राहायला हे काय देऊळ आहे?"

"काठी लागली की ती उड्या मारत ऑस्टिनपुढं जाईल, सर."

"जाईल तरी! आत्ता जातच नाही."

बोळात म्हशी हाकतात ते हौसरावमामा. खुटबावचे, साठीचे, सगळा जन्म गोठ्यात गेलेला. हातात काही धरत नाहीत, तोंडानं नुसतं च्यक् च्यक् करतात. आम्ही दोघांनी मिळून बोळ धुंडाळला. चमकणारं डबकं पुसलं, फडफडणारं प्लास्टिक काढलं, पंखा बंद ठेवला. शुक्रवारीही म्हशी वळणावर आल्या की उभ्याच.

"मामा, घाबरतात का हो?"

"न्हाई वो डॉक्टरीणबाई. भ्यालेली म्हस डोळं पांढरं करती. ही बघा की, हुबी ऱ्हाऊन रवंथ करती."

आतून ऑस्टिन ओरडला, "मामा, चहा पाजा तिला, मग येईल!"

"तुझ्यापाशी यायची घाई कुनाला आसंल रं?"

संध्याकाळी घरी पोचले तर माझी तान्ही स्वीटी रडून लाल झालेली. सासूबाईंनी घरात साडीची झोळी बांधली आहे. लेकीला छातीशी धरून मी झोळीकडं नेलं. अजून आत ठेवलंही नव्हतं, नुसती झोळीची दोरी तिच्या डोळ्यांपुढं आली, आणि ती गप्प झाली. हातपाय सैल सोडून वाट बघत राहिली.

"दबोरा, अगं दोरी दिसली की तिला कळतं," सासूबाई म्हणाल्या. "आता आपल्याला इथंच ठेवणार म्हणून."

मी तिला झोळीत ठेवलं. लेक झोपली तरी मला ते गप्प होणं दिसत होतं.

शनिवारी सकाळी मी स्वतः बोळातून चालत गेले, म्हशीच्या डोळ्याइतकी वाकून. वळणावरच्या लोखंडी दांडीला सात-आठ दावी टांगलेली होती, नीट गुंडाळून. एकात कवडी ओवलेली. माझ्या रजेआधी ती तिथं नव्हती.

"मामा, ही दावी इथं कुणी लावली?"

"मीच की, आठवडा झाला. ट्रकात सोडल्याली दावी कचऱ्यात जायची, पायाखाली यायची. जनावर इकलं तर मालक दावं ठिवून घेतो, गोठा रिकामा हुऊ ने म्हनून. ह्यांचं कुनी ठिवून घेतलं न्हाई. मंग काय पायदळी जाऊ द्यायचं व्हय?"

मी बाजूला सरकले. पहिली म्हैस वळणावर आली होती. दाव्यांपाशी थांबून तिनं मान किंचित खाली केली, धारेआधी करतात तशी.

मामांनी दाव्यांकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"आयला," ते हळू म्हणाले. "बांधाय थांबत्यात व्हय ह्या."

"काढली नाहीत तर सोमवारी काठी येणार, मामा."

त्यांनी एकेक दावं काढून खांद्यावर घेतलं आणि पलीकडं भिंतीमागं ठेवून आले. म्हैस तोवर तशीच उभी. त्यांनी तिच्या पाठीवर तळवा ठेवला.

"चल बाई. आता बांधत न्हाई कुनी."

ती चालायला लागली. एकच ठोका. मी पुढं होऊन तिच्या डोळ्याला बोट लावून पाहिलं. पापणी हलली नाही, पूर्ण बेशुद्ध.

दुपारपर्यंत दुसरा ठोका एकदाच द्यावा लागला. पोपटराव येऊन घटकाभर उभे राहिले, म्हणाले, "हे आधी नाही का सुचलं?" सोमवारसाठी भिंतीला टेकवून ठेवलेली काठी त्यांनीच उचलून कपाटात घातली आणि कुलूप लावलं.

हात धुताना मामा म्हणाले, "म्हंजी आठवडाभर मी त्यांना थांबवत हुतो म्हना की, डॉक्टरीणबाई."

"हो मामा."

"आन् आता थांबवत न्हाई."

मी नळ बंद केला. सुटीच्या वेळी ते गेटवर दिसले. काखेत पोतं, पोत्यातून कवडीचं दावं बाहेर आलेलं.

"घरी नेताय?"

"व्हय. गोठ्यात चार खुंटे मोकळेच हायत."