ओटीपी नवऱ्याच्या खिशात

कवळ्या घडवता घडवता तिचे डोळे अधू झाले होते. संध्याकाळ झाली की मेणातला दात कुठे संपतो आणि हिरडी कुठे सुरू होते, कळायचं नाही. दोन वर्षांनी काम सोडायचं ठरलं होतं. त्यासाठीच दोघांनी लग्नापासून पैसा साठवला होता, आणि नियमही दोघांनीच केला होता. निम्मा शेअरच्या फंडांत, निम्मा ठेवींत. वर्षातून एकदा बघायचं. एक बाजू फुगली तर तिथलं विकून दुसरीकडे टाकायचं. संपलं. पण सोप्या गोष्टीचा विचका केल्याशिवाय माणसांना चैन पडत नाही.

शेअर चढत गेले तसा नवऱ्याला नियमाचा विसर पडला. शेअरचा निम्मा वाटा आता शंभरात ऐंशी झाला होता. ती मोबाईलवर विक्री टाकायची, पण खात्यात पहिलं नाव त्याचं, म्हणून ओटीपी त्याच्या फोनवर यायचा. आणि फोन खिशात.

"आला का?"

"आला."

"मग सांगा ना!"

"चहा तरी पिऊ दे सुखानं."

चहा संपेपर्यंत ओटीपीची मुदत संपायची. रोज हेच.

त्यात रविवारी धाकटा दीर टपकला. "वहिनी, धावत्या गाडीतून उडी मारताय तुम्ही."

"भावजी, गेल्या पडझडीत तुम्ही आठवडाभर अंथरुणातून उठला नव्हतात. भात मी भरवत होते."

दीर बिस्किटात तोंड घालून बसला.

"अगं, पसरवलाय की पैसा!" नवरा म्हणाला. "अकरा फंड आहेत, अकरा!"

"अकराही शेअरचेच. एका घराला अकरा दारं लावली म्हणून आग लागल्यावर अकरा घरं होतात का? बाजार निम्म्यावर आला तर मी अजून किती वर्षं मेण कोरू? तुमचे डोळे देणार आहात?"

तिनं पुन्हा विक्री टाकली. त्याच्या खिशात फोन थरथरला. त्यानं हात लावला नाही.

"काल फोनवर कुणावर खेकसत होतात?" तिनं विचारलं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कामाचा विषय निघाला की त्याला राहवत नसे. "त्या इमारतीचा सेक्रेटरी! म्हणे लिफ्ट मस्त चालतेय, तपासणी कशाला? मीच दिली लिफ्ट बंद करून. तार तुटल्यावर तपासणार का, गाढवा?"

"तेच विचारतेय मी."

"हे वेगळं आहे."

"काय वेगळं?"

त्यानं भावाकडे पाहिलं. भाऊ दुसरं बिस्किट बुडवत होता.

"निम्मंच विकू," तो अखेर कुरकुरला. "तू म्हणतेस त्याच्या निम्मं."

आपल्याच पैशासाठी बाजारातल्यासारखी घासाघीस! तिला असा संताप आला की कप आदळावासा वाटला. पण तिनं आकडा निम्मा केला, नव्यानं विक्री टाकली, आणि त्यानं ओटीपी एकेक अंक तोडून, दात उपटल्यासारखा वाचून दाखवला.

बाजार काही कोसळला नाही. उलट चढला. आता रोज सकाळी तो पेपरामागून ओरडतो, "बघ! विकलं नसतं तर आज किती झाले असते!"

"ओरडा," ती चष्मा पुसत म्हणते. "ऐकायला डोळे लागत नाहीत. उरलेलं निम्मं पुढच्या वर्षी. फोन चार्ज करून ठेवा."