पोत्यात गुंडाळलेली वाफ

“तिनं हात लावलाच कशाला?” बन्सीशेठ तिसऱ्यांदा ओरडला.

“नाचायला गेली होती ती तिथं!” लडी वाहणाऱ्या बायांतल्या भागीआजीनंही तिसऱ्यांदा ऐकवलं.

भांडण माझ्यावरूनच पेटलं होतं. मी वाफेचा पाइप बोलतोय. बोईसरच्या एका जुन्या कौलारू घराच्या ओटीवरून जातो आणि माजघरात शिरतो. हसू नका, इथल्या उकाड्यात माणसांना शेकायला मला आणलेलं नाही. बन्सीशेठनं बापाच्या घरात सूत रंगवायचा कारखाना काढला. ओल्या लडी वाळवायला माजघर तापवायचं, म्हणून मी. माजघरात मी उघडा हवा, ओटीवर झाकलेला. यात न कळण्यासारखं काय आहे?

एकोणऐंशी साली फिटरनं ओटीवर मला काचेची लोकर गुंडाळली, वर पत्रा चढवला. काय तो थाट! मग माणसांनी अक्कल पाजळली. पत्रा शेठनं उचकटून न्हाणीच्या छपराला ठोकला. लोकर वॉचमननं कापूस समजून उशीत भरली आणि आठ दिवस मान खाजवत हिंडला. मला मिळालं पोतं, त्यावर चुना. तपासणीच्या दिवशी बॉयलर बंद. साहेब लांबूनच मान डोलवून जायचे.

सात वर्षं हे सोंग चाललं. मग लडी वाहताना लाडकी ओल्या फरशीवर घसरली आणि तिनं मलाच धरलं. पोत्यातूनही तळहात सोलला. शेठनं काय करावं? तिलाच कामावरून काढलं!

आज माझ्या अंगावर पुन्हा लोकर आहे, पत्रा आहे. लाडकीही इथंच लडी वाहते. शेठ पाहुण्यांना सांगतो, “मला कामगारांची फार काळजी.” डोंबलाची काळजी! ही सगळी भागीआजीची करणी. तुम्हाला कुठं असा चुना फासलेला पाइप दिसला, तर वाफ चालू असताना जवळ जा, मग मान डोलवा.

तर त्या भांडणाच्या दिवशी वाफ माझ्यात नुसती सुसाटत होती.

“पोतं गुंडाळलंय ना, म्हातारे? पाइप गार आहे. या पोरीचे नखरे सगळे!”

“गार हाय?”

“गार आहे म्हणतो ना!”

बायांनी लडी खाली ठेवल्या. भागीआजी आत गेली, शेठचीच पाठ मोडलेली खुर्ची उचलून आणली. ती तिनं मला अगदी चिकटवून मांडली आणि पदरानं पुसली.

“बसा शेठ, पाठ टेकून बसा हितं, मी तुमाला चा आणते.”