तिसरी शिट्टी

तंबूची चेन उघडली की आत चारुताचं पुण्यातलं स्वयंपाकघर असायचं. ओटा, मिसळणाचा डबा, सिंकमध्ये भांडी, सगळं जिथल्या तिथे.

"चांगलंय की, सोय झाली," पहिल्याच मुक्कामाला हेरंब, तिचा नवरा, म्हणाला. सासरे आप्पा समुद्राकडे तोंड करून खुर्चीत बसले. "चहा टाक गं."

चारुताचं डोकंच फिरलं. 'चारूला विश्रांती म्हणून ट्रिप' असं हा माणूस महिनाभर सगळ्यांना सांगत सुटला होता! तिला हवं होतं एकच ताट, दुसऱ्या कुणाच्या हातचं, वाफाळतं. लग्नापासून ती गरम पोळी दुसऱ्यांना वाढत आणि शेवटची गार पोळी स्वतः खात आली होती.

गाडी कड्यांच्या कडेनं दक्षिणेकडे जात राहिली. काळ्या खडकांवर लाटा फुटायच्या. तिला त्या ओट्यासमोरच्या जाळीतून दिसायच्या. कुकरची तिसरी शिट्टी झाली की आप्पा बसल्या जागेवरून ओरडायचे, "चारुता, गॅस!" गॅस त्यांच्या हाताशीच असायचा. सकाळी तंबू गुंडाळताना ओट्याचीही नीट घडी व्हायची. भांडी तेवढी खरकटीच राहायची.

देवगडच्या पुढे, कातळ उतरल्यावर, पुळणीला लागून एक खानावळ होती. तव्यावर तांदळाची भाकरी टम्म फुगली होती. हेरंबनं समोरच, भरतीच्या रेषेजवळ तंबू ठोकला.

"मी आज इथे जेवणार," चारुता म्हणाली.

"घरचं असताना?" हेरंब म्हणाला.

"कुकर लावलाय. आत बसा आणि घ्या वाढून."

दोघं आत गेले. चारुतानं बाहेरून चेन लावली आणि एकेक खुंटी उपटून फेकून दिली. "सोय हवी होती ना? घ्या सोय!" ती एवढ्या जोरात ओरडली की तिचा घसा दुखला. पाणी चढलं. तंबू अलगद उचलला गेला आणि आतला दिवा तसाच पेटता ठेवून समुद्रात निघाला.

"चारू, मीठ कुठंय?" आतून हेरंबनं विचारलं.

ती पाठ फिरवून खानावळीत आली. खानावळीतल्या बाईनं तिच्यापुढे ताट ठेवलं. भाकरी, तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं, सोलकढी. "बस गे बाय. आता नुसता जेवचा, उठाचा नाय."

चारुता मांडी घालून बसली. तिला रडू येत होतं, संतापानं आणि भुकेनं. तिनं भाकरी मोडली. बोटं भाजली, तेही तिला आवडलं.

समुद्रातून कुकरची शिट्टी आली. तिनं तुकडा सुक्याला लावला.

दुसरी शिट्टी आली. तिनं तुकडा तोंडाशी नेला.

तिसरी झाली. "चारुता, गॅस!" लांबून आप्पांचा आवाज आला.

"गे बाय, जेवण निवात, गार होतला!" मागून बाई ओरडली. चारुता कमरेएवढ्या पाण्यात होती, तुकडा हातात तसाच, आणि दुसरा हात गॅसचं बटण शोधत पुढे झाला होता.