तांब्याची वायर, काचेची वायर

साउंडवाल्याने चहाचा कप जिन्याच्या कठड्यावर आपटला आणि मिशीला पीळ दिला.

"अर्धी मिशी! हरलो तर अर्धी मिशी, इथंच, याच पायऱ्यांवर. आणि वस्तरा जिंकणाऱ्याच्या हातात!"

"कबूल," चष्मेवाले भाऊ म्हणाले. "तो आवाज तुझ्या वायरीचाच आहे."

"अहो भाऊ, डिजिटल टेप आहे ती! वायरीतून आकडे जातात, आकडे. तांब्यातून गेले काय नि काचेतून गेले काय, पाचाचे साडेपाच होत नाहीत."

"मग त्या काचेच्या, उजेड नेणाऱ्या वायरीने उतरव. आवाज गेला तर तू हरलास."

"आणि नाही गेला, तर तुमची मिशी!"

"मी पंच," तळमजल्यावरच्या टायपिस्टबाई म्हणाल्या. "दोघांचीही गेली तर मला चालेल."

सगळे खो खो हसले. वरच्या गॅलरीत उभी असलेली भाऊंची लेकही हसली. टेप तिच्या आईची होती. आई अंध मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. पाच वर्षांपूर्वी एका दुपारी ती गच्चीवरून पडली. गेल्या आठवड्यात माळ्यावरच्या खोक्यात लेकीला तिचा रेकॉर्डर मिळाला, आत टेप तशीच. साउंडवाल्याने कालच ती कॉम्प्युटरवर उतरवली, लेकीच्या फोनवर टाकली आणि सगळ्यांना ऐकवली. आई नेहमीप्रमाणे आधी तारीख, वेळ सांगत होती. दुपारचे तीन, प्रकरण नववं. तारीख ती गेली त्याच दिवसाची. लेक रडली, टायपिस्टबाईही रडल्या. शेवटी मागे बारीकसं काहीतरी खटखटलं. ते कुणाच्या लक्षात यायच्या आत भाऊ म्हणाले होते, "वायर हलकी आहे तुझी."

साउंडवाल्याला ते झोंबलं होतं. वीस वर्षं धंद्यात, आणि वायर हलकी?

खोलीत येऊन त्याने तांब्याची वायर उपटली, काचेची जोडली, टेप पुन्हा उतरवली. मग एका नकलेतून दुसरी वजा केली. पडद्यावर सरळ रेघ. शून्य. केसाचाही फरक नाही.

"गेली भाऊंची मिशी!" त्याने मांडीवर थाप मारली.

आता ती जागा चारचौघांत मोठ्याने ऐकवायची, म्हणून त्याने हेडफोन चढवले आणि आवाज वाढवला.

वाचन चालू. खट. जरा थांबून पुन्हा, खट. लेकीची आई शब्द अर्धा सोडून थांबली. खुर्ची सरकली. पावलं, दोघांची. पुढे नुसती रिकामी खोली, टेप संपेपर्यंत.

साउंडवाल्याने तीच जागा पुन्हा ऐकली. वायरीत नव्हतं, म्हणजे खोलीत होतं. आणि हा आवाज तो रोज संध्याकाळी जिन्यात ऐकायचा. भाऊंची पत्र्याची चष्म्याची डबी. एकदा बंद करायची, नीट लागली की नाही म्हणून पुन्हा उघडून बंद करायची.

त्या दुपारी भाऊ त्यांच्या चष्म्याच्या दुकानात होते. अख्ख्या इमारतीला ते पाठ होतं. साडेतीनला खाली गर्दी जमली, तेव्हा दुकानात माणूस पाठवून त्यांना बोलवावं लागलं होतं.

जिन्यात पावलं वाजली. खट. खट.

साउंडवाल्याने काचेच्या वायरीच्या नकलेतले ते चार सेकंद पुसले. दार लोटून भाऊ आत आले.

"गेला का आवाज?"

"गेला," तो म्हणाला. "ऐका."

भाऊंनी ऐकलं. दोनदा ऐकलं. टेप उचलून खिशात घातली.

"आणि पोरीच्या फोनवरची?"

"सांगतो पुसायला. खराबच आहे ती."

वर जाऊन त्याने तसं सांगितलं. एवढंच जास्त सांगितलं, "पुसायच्या आधी शेवटचं एकदा ऐकून घे, पोरी. मी खाली मिशी देईन ना, तेव्हा ऐक. हेडफोन लावून."

पायऱ्यांवर सगळी इमारत जमली. टायपिस्टबाईंनी साबणाचा फेस आणला. साउंडवाला खालच्या पायरीवर बसला, टॉवेल गळ्याशी.

"काय रे, वायरवाल्या! आकडे कुठे गेले तुझे?"

"मिशीत अडकलेत, बाई. भाऊ, चष्मा काढून ठेवा बरं, फेस उडेल. जवळचं तुम्हाला तसंही दिसतं."

भाऊ हसले. चष्मा काढला, डबीत ठेवला.

खट.

खट.

गॅलरीत लेकीने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला होता. ती खाली बापाच्या हाताकडे बघत होती. सगळी हसत होती, ती सोडून.

साउंडवाल्याने मान वर केली. वस्तरा ओठावर टेकला.

"हलू नकोस," भाऊ म्हणाले.