पडद्याआडचं बाळंतपण

त्या रविवारी दक्षिण आफ्रिकेतल्या बोत्शाबेलोत सकाळपासून धुळीचा वारा सुटला होता, म्हणून आई चर्चला गेली नाही. तिने पत्र्याचा टब चुलीजवळ ओढला, पाण्यात कोपर बुडवून पाहिलं आणि दिसेबोला हाक मारली.

"पाय धर त्याचे. ठेव ते पुस्तक खाली, पळून नाही जात."

दिसेबोने पुस्तक पालथं ठेवलं आणि कामोहेलोचे पाय धरले. अकरा वर्षांच्या मुलाचे पाय, पण मनगटाएवढे बारीक आणि कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले. ते हळूहळू सोडवावे लागत; ओढले तर आणखी आवळत. आईने त्याच्या काखेत हात घालून त्याला उचललं. तिच्या कमरेतून कळ गेली असावी, कारण ती हसली. दुखलं की हसायची तिची खोडच होती.

"जड झालाय गं राजा माझा. सरकारच्या घरचा जावई ना!"

"म्मे," कामो म्हणाला. त्याला दोनच हाका यायच्या. आईला म्मे, आणि दिसेबोला आउ. आउसी म्हणजे थोरली बहीण, त्यातलं त्याच्या तोंडून बाहेर पडायचं तेवढं.

कामोहेलो दिसेबोचा धाकटा भाऊ होता. जन्माच्या दाखल्यावर तसं होतं, चर्चच्या वहीत तसं होतं. खरं तर तो तिच्या पोटचा. ती सतरा वर्षांची असताना, शाळेच्या शेवटच्या वर्षी झालेला. हे घरातल्या दोघींना ठाऊक होतं आणि सगळ्या गल्लीलाही ठाऊक होतं. पण आईने बाळाला पाठीशी बांधून पहिल्यांदा नळावर नेलं तेव्हा ती बायांना म्हणाली, "या वयात काय हे देवाने पदरात टाकलं, बघा." बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि म्हटलं, "बघा की." विषय तिथेच संपला.

तिकडे बाईला तिच्या पोराच्या नावाने हाक मारतात. तोवर आई मा-दिसेबो होती. त्या दिवसापासून ती मा-कामोहेलो झाली. कुणी चुकून जुन्या नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही. दिसेबो मात्र नुसती दिसेबोच राहिली. तिने शाळा संपवली, पुढे शिकली, जवळच्या ब्लूमफाँटेन शहरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागली. अशा मुलाला सांभाळणाऱ्या घराला सरकार महिन्याला भत्ता देतं. त्यातून कामोचे लंगोट यायचे, औषधं यायची, आणि दिसेबो शिकत होती तोवर तिचं बसभाडंही त्यातूनच निघायचं. ग्रंथालयात तिच्याबरोबर काम करणाऱ्या कुणालाही तिला भाऊ आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

आईने कामोची पाठ पुसली. "पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी तपासणी आहे. नवा डॉक्टर आलाय. सगळ्या पोरांना पहिल्यापासून बघणार म्हणे, मग भत्ता चालू ठेवायचा की नाही ते ठरणार. येशील?"

"मंगळवारी कसं जमेल, म्मे? सुट्टी मागावी लागेल."

"बाहेर बाकावर तर बसायचंय. आत मीच जाते दरवेळेसारखी."

"बघते."

"बघ बघ. बघण्यात तुझा हात कुणी धरणार नाही."

दोघी हसल्या. मग आईने दूध घालून मक्याची लापशी केली आणि कामोला भरवली. एक चमचा आत, अर्धा हनुवटीवर, तो बोटाने पुन्हा आत. दिसेबो पालथ्या पुस्तकाकडे परत गेली. संध्याकाळी ती टॅक्सीला निघाली तेव्हा आई फाटकापर्यंत आली. कामोला तिने ब्लँकेटने पाठीशी बांधलं होतं. आता तो एवढा लांब झाला होता की त्याचे पाय तिच्या पोटऱ्यांपर्यंत लोंबत होते.

"आउसीला टाटा कर."

"आउ."

दिसेबोने हात हलवला आणि टॅक्सीत खिडकीजवळची जागा धरायला धावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा फोन आला. आत्या मात्शीदिसो म्हणजे दिसेबोच्या वारलेल्या वडिलांची बहीण. ती दोन गल्ल्या सोडून राहायची.

"दिसे, ये. धावत येऊ नकोस, नीट ये. घाई करण्यासारखं काही राहिलं नाही."

आई झोपेतच गेली होती. कामो उजाडल्यापासून म्मे म्मे करत होता, हाका थांबेनात, म्हणून शेजारणीने दार ढकललं.

शनिवारी पुरलं. पाद्री म्हणाला, मागे मुलगी दिसेबो आणि मुलगा कामोहेलो असा परिवार आहे. दिसेबोने मान वर केली नाही. मातीजवळ उभ्या असलेल्या बायांपैकीही कुणी केली नाही. रविवारी सुतकाच्या रीतीप्रमाणे दिसेबोचं डोकं भादरलं, काळा कपडा आला. मोठी पातेली घासताना आत्याने विषय काढला.

"भत्ता तुझ्या आईच्या नावावर होता. ती गेली, तो थांबला. आता परवाच्या तपासणीला पोराबरोबर आत जाईल तिने सांगायचं, यापुढे मी सांभाळते. मग नव्याने सुरू होतो. मी विचारून आलेय."

"मी बघते, आत्या."

"काय बघतेस? तुझी नोकरी तिकडे. माझ्याकडे दे त्याला. माझी पोरं गेली आपापल्या वाटेने, खोली रिकामी आहे. लोक म्हणतील म्हातारीने पैशासाठी ठेवून घेतला. म्हणेनात का! लंगोट काय कुणी आहेरात देतं? बहीण आत गेली काय आणि आत्या गेली काय, सरकारला सारखंच." तिने पातेलं उपडं घातलं. "की तुला काही वेगळं सांगायचंय?"

"नाही."

आत्याने उपड्या पातेल्यावरून एकदा हात फिरवला. मग दुसरं पातेलं ओढून घेतलं.

दिसेबोला हायसं वाटलं. इतकं स्वच्छ हायसं की तिने मनातल्या मनात बुधवारची टॅक्सीही धरली. रात्री कामोच्या शेजारी पडल्यावर तो अंधारात "म्मे" म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, विचारल्यासारखा. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. ओ दिली नाही. कोणत्या तोंडाने देणार?

मंगळवारी दवाखान्यातल्या बाकावर नेहमीच्याच बाया होत्या. मांडीवर, पाठीवर, चाकांच्या खुर्चीत आपापली मुलं घेऊन बसलेल्या. त्यांनी आत्याचे आणि दिसेबोचे हात हातात घेतले, आईबद्दल दोन शब्द बोलल्या, सरकून जागा केली. मग गप्पा पुन्हा सुरू झाल्या.

"डॉक्टर अगदी पोरगेला आहे म्हणे."

"पोरगेला असू दे, खोदून विचारतो. सकाळी त्या पलीकडच्या गल्लीतल्या बाईला विचारलं, बाळ आपण होऊन हसतं का? ती म्हणाली, तुम्हाला बघून हसेल."

"पोर चुणचुणीत दिसलं की भत्ता जातो बाई. आमचा आज नेमका खुशीत आलाय. रड रे जरा मेल्या."

हसू पसरलं. डॉक्टरची जागा आणि बाहेरचा बाक यांच्यात तिथे एक पडदाच होता, हिरव्या कापडाचा. आतलं अक्षरन् अक्षर बाकावर ऐकू यायचं. याआधी दिसेबो दोनदा या बाकावर बसली होती, आणि दोन्ही वेळा आतून आईचा आवाज आला होता, मुद्दाम चढवलेला. "काय सांगू डॉक्टर, मीच मूर्ख! कळा सकाळी सुरू झाल्या आणि मी घरात बसून राहिले. लाज वाटत होती हो. उजेडात नको, लोक बघतील, असं झालं. दवाखान्याची गाडी बोलावली ती अंधार पडल्यावर. चूक माझीच." बाकावरच्या बाया ब्लँकेट तोंडाशी धरून हसायच्या, कारण त्या वर्षी आईचं पोट कसं होतं ते त्यांनी पाहिलेलं होतं. दिसेबोलाही वाटायचं, काय सफाईने खोटं बोलते ही.

नर्स फाईल घेऊन पडद्याबाहेर आली. "मा-कामोहेलो!"

बाकावरून कुणी उठलं नाही.

"मा-कामोहेलो! कुठे मेली आता ही?"

"गेलीच ती, सिस्टर," कुणीतरी हळूच म्हणालं. "शनिवारी पुरली."

"अरे देवा." नर्सने फाईल छातीशी धरली. "मग पोराबरोबर कोण आहे?"

ठरल्याप्रमाणे आत्याने उठायचं होतं. तिने गुडघ्यांवर हात टेकले. मग तसेच राहू दिले. दिसेबोकडे पाहिलंही नाही, समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"मी आहे," दिसेबो म्हणाली. तिने कामोला उचललं. तो खरंच जड होता.

डॉक्टर खरंच पोरगेला होता. त्याने कामोचे पाय हळूच सोडवून पाहिले, मान पाहिली, डोळ्यांसमोर बोट फिरवलं. कामोने बोट सोडून दिसेबोकडे पाहिलं.

"आई गेल्याचं कळलं. वाईट झालं," डॉक्टर म्हणाला. "तुम्ही कोण याच्या?"

"बहीण."

शब्द आपोआप आला. इतकी वर्षं तो येत होताच. पडद्यापलीकडे कुणीतरी खाकरलं.

"बरं. जन्माबद्दल आईकडूनच ऐकायचं होतं मला. तुम्ही तेव्हा लहानच असणार. काही आठवतं का? जन्मताना मेंदूला हवा कमी पडली की असं होतं, म्हणून विचारतोय. बाळ लगेच रडलं होतं का? फाईलमध्ये आहे तसा, कळा सुरू होऊनही गाडी बोलवायला इतका उशीर का झाला, काही बोलायची का आई?"

दिसेबोने तोंड उघडलं. आईचीच वाक्यं पुढे करायची होती, ती तयार होती. लाज वाटत होती तिला. उजेडात नको, लोक बघतील. आणि ती वाक्यं जिभेवर आली तेव्हा तिला कळलं की ती आईची नव्हतीच. ती तिची स्वतःची होती. त्या दिवशी चटईवर पडून दात चावत तीच ती म्हणाली होती. आईने ती जशीच्या तशी उचलली होती, एका शब्दाचाही फेर न करता, आणि इथे उभं राहून डॉक्टरमागून डॉक्टरला स्वतःच्या नावावर सांगितली होती.

"आउ," कामो म्हणाला.

"नाही रडला," दिसेबो म्हणाली. आवाज पडद्याच्या आतच राहील एवढा बारीक होता. मग तिने आवाज बाकापर्यंत जाईल इतका चढवला. "तो रडला नाही, डॉक्टर, आणि मीही ओरडले नाही, शेजारी ऐकतील म्हणून. मी बहीण नाही याची. मी याची आई. यापुढे मीच सांभाळणार आहे. सतरा वर्षांची होते तेव्हा. माझी आई सकाळीच उठली होती गाडी बोलवायला. मी तिचा स्कर्ट धरून ठेवला. दुपारी ती पुन्हा उठली, मी पुन्हा धरला. तिने उशीर नाही केला. मी केला."